आधी काम, मग प्रशिक्षण: बेळगाव सीमाभागात वंचित तरुणांसाठी सामाजिक उद्योग कसा उभारावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी आणि खाली हल्याळ-जोयडापर्यंतच्या मराठी पट्ट्यात ‘आपल्या भागातील मुलांसाठी काहीतरी करावे’ असे मनापासून वाटणारी माणसे कमी नाहीत. निवृत्त शिक्षक, फाउंड्रीत उभी हयात घालवलेले सुपरवायझर, पुण्याहून परतलेले अभियंते असे लोक मला नेहमी भेटतात, आणि बहुतेकांच्या डोक्यात पहिली कल्पना एखाद्या वर्गाची असते: संगणकाचा, शिवणाचा, नाहीतर स्पोकन इंग्लिशचा. वर्ग भरतो, प्रमाणपत्रे वाटली जातात, पाहुण्यांसोबत फोटो निघतात, आणि वर्षभराने पाहावे तर त्यातील बरीच मुले पुन्हा वीटभट्टीवर, सेंटरिंगच्या कामावर किंवा गोव्यातील एखाद्या हॉटेलात दिसतात. शिकवणारे तळमळीचे होते, मुलेही नियमित येत होती. फक्त वर्ग संपल्यावर काम देणारा कोणी ठरलेला नव्हता.

मी बेळगावात एक लहान युनिट चालवतो. दहावीला अडलेल्या किंवा त्याआधीच शाळा सुटलेल्या मुलामुलींकडून आम्ही यंत्रभागांचे डिबरिंग (कडांवर उरलेले धातूचे बारीक कोंब काढणे) आणि तपासणी असे जॉबवर्क, म्हणजे कारखान्याच्या मालावर मजुरीने करायचे काम, करून घेतो. त्या अनुभवातून, आणि आजूबाजूला उभे राहिलेले व बंद पडलेले उपक्रम पाहून, हे टिपण लिहीत आहे. सामाजिक उद्योग हा शब्द मी येथे साध्या अर्थाने वापरतो: जो बाजारात वस्तू किंवा सेवा विकून स्वतःच्या कमाईवर चालतो, आणि ज्यांना इतर ठिकाणी दारातूनच परत पाठवले जाते अशांना पक्के काम देणे हे ज्याच्या अस्तित्वाचे कारण असते, तो उद्योग. देणगी त्याला आधार देऊ शकते. त्याचा महिन्याचा पगार देणगीवर अवलंबून असता कामा नये.

१. पहिल्यांदा गिऱ्हाईक शोधा

संस्थेचे नाव, लोगो, नोंदणी हे सगळे नंतर. आधी वही घेऊन हिंडायला सुरुवात करा. आपल्या भागात काम नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील फाउंड्री व मशीन शॉपमध्ये कास्टिंग, हायड्रॉलिक्स आणि वाहनांचे सुटे भाग तयार होतात. हत्तरगीजवळ विमानांच्या सुट्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र आहे. शहापूर, वडगाव, खासबाग येथे यंत्रमागावर साड्या विणल्या जातात. अथणी-निपाणी पट्ट्यात कोल्हापुरी चपला बनतात. खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकला संस्था आहे. या प्रत्येक ठिकाणी असे एखादे काम असते की जे मालकाला स्वतः करायचे नसते, पण ते झाल्याशिवाय त्याचा माल बाहेर पडत नाही. तुमचा उद्योग त्या जागेत बसवायचा.

मालकाला भेटल्यावर ‘तुमच्याकडे माणसे लागतात का?’ असे विचारू नका. उत्तर नेहमी ‘लागतात की’ असेच येते आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: कोणते काम तुम्ही बाहेर पाठवता; त्यात उशीर कुठे होतो; आणि नगामागे किंवा किलोमागे सध्या काय दर देता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की घरी येऊन हिशेब मांडा. एक नवखा मुलगा दिवसात किती नग काढील, त्यातून त्याचा किमान वेतनाइतका पगार, जागेचे भाडे, वीज, हत्यारे आणि रिजेक्शन वजा जाता काही उरते का? उरत नसेल तर ते काम सोडून द्या, मग ते कितीही ‘समाजोपयोगी’ वाटो. तोट्यातला दर घेऊन मुलांना कामाला लावणे म्हणजे तोटा शेवटी त्यांच्याच पगारातून वसूल करणे होय.

किमान दोन गिऱ्हाइकांकडून चाचणीचा माल आणि दर लेखी मिळेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. एकाच कारखान्यावर अवलंबून राहिलात तर त्याच्याकडे मंदी आली की तुमची पोरे घरी बसतात.

२. काम कोणासाठी, हे ठरवा

‘वंचित’ म्हणजे कोण, हे मोघम ठेवल्यास पहिल्या महिन्यात तुमच्याकडे ओळखीच्यांची मुले येतात आणि ज्यांच्यासाठी धडपड केली ती बाहेरच राहतात. एक-दोन गट नक्की करा: शाळा सुटलेली मुले, वीटभट्टी व ऊसतोडीवरील कुटुंबांतील तरुण, देवदासी कुटुंबांतील मुली, दिव्यांग, विडी कामगारांची मुले. प्रत्येक गटाची अडचण वेगळी असते आणि कामाची रचना त्यानुसार बदलते.

या बाबतीत आपल्या जिल्ह्यातच पाहण्यासारखे काम झाले आहे. कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने मुलींना देवदासी म्हणून देवाला सोडण्याच्या प्रथेवर बंदी आली, पण त्या स्त्रियांच्या पोटापाण्याचा प्रश्न कायद्याने सुटला नव्हता. १९९७ मध्ये माजी देवदासींनीच चालवायची ‘मास’ ही संस्था उभी राहिली. तिचे नेतृत्व करणाऱ्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्याच हाती कारभार, हे तत्त्व छोट्या उद्योगालाही लागू पडते: दर ठरवताना, शिफ्ट लावताना, सुट्ट्या आखताना कामगारांपैकी निदान दोघे टेबलाच्या या बाजूला बसलेले असावेत.

३. कायदेशीर रूप निवडा

सर्वाधिक गोंधळ येथे होतो, आणि सीमाभागात तो दुप्पट होतो, कारण आपण सल्ला कोल्हापूर-सांगलीच्या ओळखीच्या माणसाकडून घेतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) नोंदणी १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे होते. कर्नाटकात तशी व्यवस्था नाही. येथे न्यासपत्र उपनिबंधक कार्यालयात नोंदवले जाते. तिकडचा नमुना जसाच्या तसा आणलात तर दोन-दोनदा मुद्रांक आणि वकिलाची फी भरावी लागते. सल्लागार कर्नाटकात काम करणारा घ्या.

उपलब्ध पर्याय थोडक्यात असे आहेत.

कलम ८ कंपनी: २०१३ च्या कंपनी कायद्याखालची. खासगी स्वरूपात दोन संचालक पुरतात, नोंदणी ऑनलाइन होते, नफा वाटता येत नाही, तो उद्दिष्टासाठीच वापरावा लागतो. देणगी आणि विक्री दोन्ही येणार असतील तर हा मार्ग सोयीचा. वार्षिक विवरणपत्रे चुकवल्यास दंड जड असतो.

सोसायटी: कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली, किमान सात सभासद. गावकीच्या राजकारणात अडकण्याची शक्यता येथे सर्वाधिक. सात जणांत दोन भावकी आल्या की कारभार थांबतो.

उत्पादक कंपनी: किमान दहा उत्पादक सभासद आणि पाच संचालक. चप्पल कारागीर, कुंभार, विणकर स्वतः मालक होणार असतील तर हाच पर्याय पाहावा.

साधा उद्योग, म्हणजे मालकी, भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा खासगी कंपनी: बँकेला हेच सर्वांत लवकर समजते. जॉबवर्कसारखे काम असेल, तर येथून सुरुवात करून सामाजिक उद्दिष्ट भागीदारी करारात लिहून ठेवता येते. ‘संस्था नाही तर सामाजिक कसे?’ असे विचारणारे भेटतील; त्यांना पगारपत्रक दाखवावे.

येथे एक मोठा सापळा आहे. ‘कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) मिळेल’ या आशेवर अनेकजण घाईने कलम ८ कंपनी काढतात. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठते, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि रोजगारक्षम कौशल्य हा विषय त्या यादीत आहे, हे खरे. परंतु ती रक्कम दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करायची तर त्या संस्थेकडे करसवलतीसाठीची आयकराची १२ए व ८०जी नोंदणी, सीएसआरची कामे घेण्यासाठीचा सीएसआर-१ क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. म्हणजे नव्या संस्थेला पहिली तीन वर्षे हा दरवाजा जवळजवळ बंदच असतो. ती तीन वर्षे कशावर काढणार, हा प्रश्न आधी सोडवा.

४. नोंदण्या आणि जवळ ठेवायची कागदपत्रे

फाइल एकच करा आणि तिची स्कॅन प्रत मोबाइलमध्येही ठेवा. लागतील ते कागद:

– चालकांचे आधार व पॅन. उद्योगाचे स्वतंत्र पॅन आणि चालू खाते
– जागेचा भाडेकरार, मालकाचे संमतीपत्र, वीजबिल आणि कर भरल्याची पावती
– उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंद) प्रमाणपत्र
– ग्रामपंचायत किंवा महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना
– लागू असल्यास जीएसटी नोंदणी. खाद्यपदार्थ असल्यास अन्न परवाना
– यंत्रांची दरपत्रके आणि प्रकल्प अहवाल, शक्यतो कन्नड किंवा इंग्रजीत
– गिऱ्हाइकांची दर मान्य केल्याची पत्रे

उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि आधार व पॅनवर होते. शोधयंत्रात टाकल्यावर वर दिसणाऱ्या, सरकारी वाटाव्यात अशा काही खासगी संकेतस्थळांवर हजार-दोन हजार रुपये मागितले जातात. पत्त्याच्या शेवटी gov.in ही सरकारी खूण आहे ना, हे पाहिल्याशिवाय आधार क्रमांक टाकू नका.

जीएसटीबाबत सीमाभागाला विशेष सावधगिरी हवी. कर्नाटकात वस्तूंसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख आहे. पण वस्तू राज्याबाहेर विकायची म्हटली की ठराविक हस्तकला वस्तूंसारखे अपवाद वगळता नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. निपाणीहून कागल म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण कायद्याच्या दृष्टीने ती आंतरराज्य विक्री. जॉबवर्क ही सेवा असल्याने तेथे २० लाखांची सवलत परराज्यातील गिऱ्हाइकासाठीही चालते. कारखान्याचा माल तुमच्याकडे चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) येतो, त्याची मालकी कारखान्याचीच राहते, आणि एक वर्षाच्या आत तो परत गेला पाहिजे. म्हणून आवक-जावक चलनाची फाइल बिलांइतकीच जपा.

फलकाची गोष्ट लहान वाटते, पण नोटीस त्यावरूनच येते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकातील आस्थापनांच्या नामफलकावर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. उरलेल्या जागेत मराठी लिहा. सीमाप्रश्नाबद्दल तुमचे-माझे मत काहीही असो, मुलांच्या पगाराच्या दिवशी फलकाच्या वादात अडकणे परवडत नाही. त्याच कारणासाठी कन्नडमध्ये अर्ज लिहू शकणारी एक व्यक्ती पहिल्या दिवसापासून सोबत असावी. कार्यालयातील मंडळी तोंडी मराठीत छान बोलतात. टिपणी मात्र कन्नडमध्ये पुढे जाते, आणि अर्जही त्याच भाषेत असला की फाइल लवकर हलते.

५. भांडवल

पहिली मागणी लहान ठेवा. डिबरिंग व तपासणीसाठी सुरुवातीला लागते ते असे: भक्कम बाके, शेगडे (व्हाइस), वेगवेगळ्या आकाराच्या कानशी, स्क्रेपर, हँड ग्राइंडर, व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि संरक्षणाचे चष्मे, हातमोजे, बूट, कानाचे प्लग. गेज (ठराविक माप बरोबर आहे का ते तपासण्याचे साधन) बहुधा गिऱ्हाईकच देते. एवढ्यासाठी मुद्रा कर्ज पुरते. त्यात ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. छोट्या उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शाखेत मागितलेच तर तसे लेखी द्यायला सांगा. बहुतेकदा मागणी तेथेच थांबते.

मोठ्या प्रकल्पासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. २०२२ च्या सुधारणेनुसार उत्पादन उद्योगाला ५० लाख आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५ व ग्रामीण भागात २५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, दिव्यांग आदींना अनुक्रमे २५ व ३५ टक्के अनुदान मिळते. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षातील स्थिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. दोन गोष्टी दलाल सांगत नाहीत. हे अनुदान नव्या युनिटसाठीच असते, त्यामुळे आधीच सुरू केलेल्या कामाला ते मिळत नाही. आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीसारखी अडकून राहते, हातात येत नाही. ‘सबसिडी आली की बाकीचे देणे फेडू’ असा हिशेब करणारा पहिल्याच वर्षी अडचणीत येतो.

चर्मकार, कुंभार, सुतार अशा १८ पारंपरिक व्यवसायांतील तरुणांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे: प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. चपलेचे काम करणार असाल तर आणखी एक पायरी घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेली भौगोलिक मानांकनाची नोंद महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांसह बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर यांनाही लागू आहे. तुमच्या कारागिरांची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घेतली, तर हे नाव कायद्याने वापरता येते. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्यावरून जो गदारोळ झाला, त्यानंतर परदेशी खरेदीदार ही नोंद विचारू लागले तर नवल नाही.

६. मुलांची कागदपत्रे आधी दुरुस्त करा

जातीचा व उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) किंवा ऑनलाइन मिळतो आणि त्यावरील आर.डी. क्रमांक प्रत्येक राज्य योजनेच्या अर्जात विचारला जातो. जात एकच असली तरी दोन राज्यांत प्रवर्ग वेगळा असू शकतो. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागासवर्गीय प्रवर्गात येतो. महाराष्ट्राचा दाखला येथे आणि येथला तेथे चालेल, असे गृहीत धरू नका. लग्न होऊन चंदगड, गडहिंग्लज किंवा मिरजेकडून आलेल्या सुनेला तर हा फटका हमखास बसतो, कारण आरक्षित प्रवर्गाचा लाभ मूळ राज्याशी बांधलेला असतो.

याच सुनांच्या आधारवर माहेरचा पत्ता असतो, आणि त्यामुळे त्यांना आणखी एक लाभ मिळत नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना साध्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेखाली मोफत प्रवास आहे, पण ओळखपत्रावर राज्यातील पत्ता हवा. खानापूर तालुक्यातून रोज बेळगावला येणाऱ्या मुलीच्या पगारात या एका दुरुस्तीने पडणारा फरक लहान नसतो. म्हणून आमच्याकडे रुजू होताना पहिला कागद आधारचा पाहतो, गुणपत्रिका नंतर.

नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले असणे ही आपल्याकडची नेहमीची कथा: शाळेच्या दाखल्यावर मराठीतून आलेले, आधारवर कन्नड उच्चाराचे, बँकेत इंग्रजी आद्याक्षरांचे. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक निघण्यापूर्वी ते एकसारखे करून घ्या. नंतर निधी काढताना दुरुस्तीला फार त्रास होतो.

दहावीला अडलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून मराठी माध्यमातही परीक्षा देता येते, हे बहुतेक पालकांना माहीत नसते. ते सांगा, आग्रह मात्र धरू नका. काम लागल्यावर काहीजण आपणहून विचारतात.

७. निवड आणि पहिले तीन महिने

मुलाखत घरी जाऊन घ्या. मुलाला काय येते, यापेक्षा घरातून सकाळी सातला कोण उठवणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, शिफ्ट सुटल्यावर गावाकडची शेवटची बस मिळते का, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. मुलगी असेल तर आईला आणि शक्य झाल्यास आजीला एकदा युनिट दाखवा. ‘पोरगी कुठं जाते’ हे डोळ्यांनी पाहिलेल्या घरातील मुली टिकतात.

मुले सोडून जातात ती बहुधा पहिल्या महिन्यात, आणि त्याचे कारण आळस हे क्वचितच असते. वीटभट्टी किंवा शेतमजुरीवरील घराचा गाडा आठवड्याच्या मजुरीवर चालतो. बाजाराच्या दिवशी हातात पैसे लागतात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला मिळणार म्हटल्यावर मधले पाच आठवडे ते घर काय खाणार? मूल तिसऱ्या आठवड्यात रोजाच्या कामावर परत जाते आणि आपण म्हणतो, यांना शिस्त नाही. उपाय सोपा आहे: पहिले दोन महिने पगाराचा हिस्सा दर आठवड्याला द्या, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. तेवढे खेळते भांडवल प्रकल्प अहवालात धरून ठेवा.

प्रशिक्षण कामाच्या बाकावरच द्या. उदाहरण म्हणून एक बुश (मध्ये छिद्र असलेला नळीसारखा यंत्रभाग) घ्या. तिचे छिद्र गो–नो-गो गेजने तपासायचे. गेजची ‘गो’ बाजू स्वतःच्या वजनाने आत उतरली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू तोंडावरच अडली पाहिजे. नवीन मुलगा हमखास गेज अंगठ्याने दाबतो, कारण ‘बसवून दाखवणे’ म्हणजे हुशारी, असे त्याला शाळेत आणि घरी शिकवलेले असते; दाबलेल्या गेजने चुकीचा जॉब पास होतो आणि तीन दिवसांनी कारखान्यातून अख्खी पेटी परत येते. म्हणून पहिला आठवडा मुलांना आधीच मोजून ठेवलेले, चांगले-वाईट मिसळलेले नग द्या आणि गेज दोन बोटांत सैल धरायला लावा. वाईट नग शोधणाऱ्याचे कौतुक करा. ज्यांना आयुष्यभर ‘नापास’ म्हटले गेले, त्यांना कशाला तरी नापास ठरवण्याचा अधिकार मिळतो, आणि तो ते फार जबाबदारीने वापरतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

धुळीबद्दल कडक राहा. कास्टिंगवर साच्याची वाळू चिकटलेली असते. ग्राइंडिंग करताना तिची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. धूळ खेचणारी व्यवस्था आणि योग्य दर्जाचे मास्क यांचा खर्च निघत नसेल, तर फेटलिंगचे (कास्टिंगवरील वाळू व जादा धातू घासून काढण्याचे) काम घेऊ नका, मशीन झालेल्या स्वच्छ जॉबचेच घ्या.

८. शिकाऊ उमेदवारीचा उपयोग

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के, महिना कमाल १५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलते. पुष्कळ कारखानदार हा कोटा कागदोपत्रीच्या कंटाळ्याने टाळतात. तुमच्याकडे सहा महिने टिकलेला, गेज धरता येणारा मुलगा तयार असेल, तर ‘तुमचा कोटा आणि त्याची कागदपत्रे आम्ही पाहतो’ असे सांगून त्याला मोठ्या कारखान्यात पाठवता येते. करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदल्याशिवाय मुलाला पाठवू नका. नोंद नसलेला ‘अप्रेंटिस’ हा नुसता स्वस्त मजूर असतो.

उद्यमबागेतील सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्र आणि आयटीआय यांच्याशी ओळख ठेवा. स्वयंरोजगाराकडे कल असलेल्यांसाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत निवासी प्रशिक्षण मोफत मिळते. या संस्थांचे मूळ १९८२ मध्ये उजिरे येथे सुरू झालेल्या प्रयोगात आहे. कोणत्याही प्रमाणपत्राच्या परीक्षेला मुले बसवण्यापूर्वी प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत येईल, हे लेखी विचारून घ्या. काम उत्तम येणारी मुले केवळ भाषेमुळे नापास होऊ देऊ नका.

९. बिलाचे पैसे वेळेवर आणा

लहान जॉबवर्क युनिट तोट्याने जितकी बंद पडतात, त्याहून अधिक उधारीने बंद पडतात. तुमच्याकडे उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने खरेदीदाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय २०२३ च्या आयकर दुरुस्तीनंतर मुदतीत न दिलेले बिल खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. तक्रार करण्याची वेळ बहुधा येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि मार्चच्या सुरुवातीला कारखान्याच्या हिशेबनिसाला नम्र आठवण पाठवा. त्याच्या लेखापरीक्षकाने त्याला आधीच सांगितलेले असते.

कामगार १० झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि २० झाले की भविष्यनिर्वाह निधी लागतो. दहावा किंवा विसावा माणूस ‘कागदावर न दाखवता’ ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. अपघात झालेल्या दिवशी तो सल्लागार फोन उचलत नाही.

१०. जाणाऱ्याला नीट जाऊ द्या

दोन-तीन वर्षांत चांगली मुले हत्तरगी, पुणे किंवा गोव्यातील कारखान्यांत जास्त पगारावर जातील. उत्पादन काही आठवडे कोलमडते आणि मालक म्हणून राग येतो, परंतु युनिट काढले ते याचसाठी. प्रत्येकासाठी एक पाकीट तयार ठेवा: कोणते जॉब हाताळले, कोणती मापनसाधने वापरता येतात, हजेरी किती, हे लिहिलेले अनुभवपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक क्रमांक आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, शिकाऊ उमेदवारीचे किंवा पूर्वकौशल्याचे (आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दिलेले) प्रमाणपत्र. अनुभवपत्र इंग्रजीत द्या आणि मुलाकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे मुलाखतीत त्यातील शब्द त्याला अनोळखी वाटणार नाहीत. त्याची जागा भरण्यासाठी नवा मुलगा तो जाण्याच्या महिनाभर आधी रुजू करा, आणि त्याला शिकवण्याचे काम जाणाऱ्याकडेच, वेगळ्या भत्त्यासह, सोपवा.